कर्म आणि कर्ता

व्याकरण शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यात आंबा हे कर्म. त्याची इच्छा विचारतो कोण? निसर्गाचेही आपण तेच केले आहे. नदी अडवतो, डोंगर फोडतो, रान तोडतो. सगळ्या वाक्यांत कर्ते आपण, आणि त्यांच्या वाट्याला नुसते कर्म!

पण वाचकहो, स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, मुर्सिया प्रांतात, लोकांनी एका सरोवराला चक्क कर्त्याच्या जागी बसवले आहे. त्याचे नाव मार मेनोर, म्हणजे धाकटा समुद्र. सुमारे १३५ चौरस किलोमीटर खारे पाणी, वाळूच्या चिंचोळ्या पट्टीने भूमध्य समुद्रापासून अलग झालेले. आसपासच्या शेतांतली खते त्यात उतरत राहिली आणि २०१६ साली पाणी हिरवेगार झाले. २०१९ व २०२१ मध्ये तर प्राणवायूवाचून मेलेले मासे ढिगांनी किनाऱ्याला लागले.

तेरेसा विसेन्ते या कायद्याच्या प्राध्यापिकेने पुढाकार घेतला. लोकांना स्वतःचे विधेयक संसदेत न्यायचे, तर तिथे ५ लाख सह्या लागतात. साथीच्या दिवसांतही जवळजवळ ६ लाख ४० हजार जमल्या! ३० सप्टेंबर २०२२ चा तो कायदा. आता सरोवराच्या वतीने कोणीही माणूस न्यायालयात जाऊ शकतो. २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला.

हे सौ.ला सांगितले, तर मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, त्यात नवल ते काय? आमच्या वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला बाई म्हणणाऱ्यांनी हे स्पेनकडून शिकायचे?"

बोलणे खोटे नव्हते. आपला कायदा देवाच्या मूर्तीलाही व्यक्ती मानतो. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनांना तसाच दर्जा दिला होता. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुराने नुकसान झाले तर भरपाई कोणी द्यायची, ही राज्य सरकारची एक अडचण होती. अडचण अगदीच पोकळ नव्हे. पण मला फरक दिसतो तो दुसराच. गंगेचा दर्जा निकालपत्रातून खाली आला. मार मेनोरचा लाखो हातांतून वर गेला.

उत्सवात कृष्णाबाईची ओटी भरायला बायकांची रांग लागते. त्या रांगेतून सह्यांचा एखादा कागद फिरला, तर बाई काही रागावणार नाही.