आधी नवा, मग जुना

दूरच्या सर्व्हरचा आयपी बदलणं म्हणजे बसल्या फांदीला करवत लावणं. एसएसएचने आत शिरलेलो असतो ते नेमकं त्याच पत्त्यावरून, जो काढून टाकायचाय. टीसीपीचं कनेक्शन दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट या चौघांवर उभं असतं. त्यातला एक गेला तर एररही येत नाही. कर्सर जिथल्या तिथे थांबतो, टाइप केलेलं अक्षर उमटत नाही, आणि मशीन परगावच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर तिथल्या कुणाला तरी झोपेतून उठवावं लागतं.

या कामातलं सगळं कसब क्रमात आहे, असं मला वाटतं. लिनक्समध्ये एकाच इंटरफेसवर अनेक पत्ते सुखाने नांदतात. तेव्हा आधी नवा जोडायचा, दुसऱ्या टर्मिनलमधून नव्यावर लॉगिन करायचं, आणि तिथूनच जुना काढायचा. समजा १९२.१६८.१०.५ चा १९२.१६८.१०.२५ करायचाय. हा पंचवीस आधीच कुणी घेतलाय का, ते नेटवर्कवर विचारून घ्यायचं. आर्पिंगला ‘डी’ दिला की ते काम होतं. मग ‘आयपी अ‍ॅड्र अ‍ॅड’, नवा पत्ता, त्याला चिकटून /२४, आणि शेवटी इंटरफेसचं नाव.

हे /२४ विसरायचं नाही. ते लिहिलं नाही तर ‘आयपी’ कमांड /३२ धरते, म्हणजे एकट्याचा पत्ता, शेजारपाजार काही नाही. त्या क्षणी सगळं चालतं, हीच यातली खरी भीती. शेजाऱ्यांकडे जाणारा थेट रूट जुन्या पत्त्याच्या जिवावर उभा असतो. जुना काढला की तोही जातो.

दुसरी मेख याहून खोल आहे. एकाच सबनेटमधला पहिला पत्ता प्रायमरी, नंतरचा सेकंडरी. प्रायमरी काढला तर कर्नल त्याच्यामागचे सेकंडरीही पुसून टाकतो, म्हणजे जुना जाताना नव्यालाही घेऊन जातो. ‘प्रोमोट सेकंडरीज’ ही सेटिंग १ असेल तरच नव्याला बढती मिळते. सिस्टिमडी असलेल्या मशिनवर ती बहुतेक वेळा १ असते, पण स्वतः वाचून खात्री केल्याशिवाय मी डिलीटच्या ओळीवर एंटर मारत नाही. (आयएफकॉन्फिग हे १९८३ च्या ४.२ बीएसडीपासूनचं, अनेकांच्या बोटांत बसलेलं. पण ‘आयपी’ने लेबलशिवाय जोडलेला दुसरा पत्ता ते दाखवतच नाही. या कामात त्याच्यावर विसंबू नका, असं मी शिकणाऱ्या मुलांना बजावून सांगतो.)

त्या मुलांची एक तक्रार असते, की ‘आयपी’ने केलेलं सगळं रीबूटनंतर पुसलं जातं. मला ते या कमांडचे मोठे उपकार वाटतात. कायमचा पत्ता असलेल्या नेटप्लॅनच्या फाइलला हात लावायचा नाही, आणि सुरुवात करण्याआधीच ‘शटडाउन’ला ‘आर’ आणि +१० देऊन दहा मिनिटांनंतरचं रीबूट लावून ठेवायचं. आपण बाहेर फेकले गेलो, तर थोड्या वेळाने मशीन जुन्या पत्त्यासह उभं राहतं. सगळं जमलं तर ‘सी’ देऊन ते रद्द करायचं आणि मगच नेटप्लॅनच्या फाइलमध्ये नवा पत्ता लिहायचा. डेटाबेस चालू असेल तिथे रीबूट नको. तिथे ‘अ‍ॅट’ने जुना पत्ता परत जोडणारी ओळ लावून ठेवायची. नेटप्लॅनच्या ‘ट्राय’मध्ये ही समज मुळातच आहे: १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ते आधीच्या मांडणीवर परत जातं. हे ज्याने लिहिलं, त्याने गोठलेला कर्सर नक्की पाहिला असणार.

जुना पत्ता काढायची मला घाई नसते. दोन्ही असताना मशीन स्वतः बाहेर पडतं ते जुन्याच पत्त्याने, म्हणून पलीकडच्या डेटाबेसच्या फायरवॉलमध्ये नवा आधीच घालून ठेवावा लागतो, नाहीतर जुना काढल्यावर दार बंद. डीएनएसचा टीटीएल आदल्याच दिवशी ८६४०० वरून ३०० वर आणलेला असतो. तरीही कुणी ना कुणी नावाऐवजी आकडेच लिहून ठेवलेले असतात. मग टीसीपीडम्प लावून जुन्याकडे अजून कोण येतंय ते बघतो. रात्री दोनला बॅकअपची स्क्रिप्ट येते. महिनाअखेरीला अकाउंट्सचा स्कॅनर येतो, जो कुठल्याच यादीत नसतो. म्हणून एक महिनाअखेर उलटेपर्यंत फाइलमध्ये दोन्ही पत्ते राहू देतो, आणि स्कॅनरपाशी मात्र स्वतः चालत जातो. त्याच्या बारक्या पडद्यावर बाणांची बटणं दाबत एकेक आकडा बदलावा लागतो. तिथे कमांड लाइन नसते.