महाबळेश्वरचे चिनी माळी

महाबळेश्वरात इंग्रज साहेबांची नावं पावलोपावली भेटतात. एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, लॉडविक, विल्सन, कार्नॅक, फॉकलंड. गव्हर्नर माल्कमच्या मुलीलाही इथं केट्स पॉइंट मिळाला. चिनी माणसाच्या वाट्याला मात्र एकच जागा आली. बाजारपेठेच्या दक्षिणेला, कोयनेचं खोरं जिथून सुरू होतं त्या अंगाला एक धबधबा आहे, त्याला चायनामन धबधबा म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडलं, त्या माणसांची स्वतःची नावं गावात कुठंही लिहिलेली नाहीत.

पाऊस ओसरत असताना आम्ही इथल्या एका जुन्या बंगल्यात उतरलो होतो. आता त्याचं छोटं हॉटेल झालंय. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, पत्र्याचं उतरतं छप्पर, खोलीत शेकोटीची जागा, रुंद व्हरांडा आणि त्यात वेताच्या खुर्च्या. वर्षाला सहा हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावात पावसाळ्यापूर्वी भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधायची पद्धत आहे. त्या अजून काढायच्या होत्या, त्यामुळे खोलीभर ओल्या गवताचा वास होता. दिवाणखान्यात साहेबांची चित्रं, शिकारीचे जुने फोटो, एक पितळी घंटा. असल्या हॉटेलात जे असायला हवं ते सगळं होतं.

खरा खजिना बंगल्याच्या मागे होता. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी केलेला भाजीचा मळा. लाल मुळे, गाजर, बीट, नवलकोल, फरसबी, सॅलडची पानं. मेढ्याकडून आलेले एक म्हातारे मामा तो राखतात. बटाट्याच्या वाफ्यापाशी उभे राहून ते म्हणाले, “हितली माती बटाट्याला लई मानवती. पर पयला बटाटा आमच्या मान्सांनी न्हाई लावला बगा. चिन्यांनी लावला. आमचा आज्जा सांगायचा.”

“चिनी इथं कुठून आले, मामा?”

“कैदी हुते की. सायबानं आनलेले.”

मामांच्या आज्ज्याची गोष्ट इतिहासाला धरून आहे. १८२९ मध्ये सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि इंग्रजांचं थंड हवेचं ठाणं वसू लागलं. ठाण्याला रस्ते हवे होते, बागा हव्या होत्या, साहेबांच्या जेवणाला भाजी हवी होती. १८३० च्या दशकात इथं एक तुरुंग बांधला गेला आणि त्यात चिनी व मलायी कैदी आणून ठेवले गेले. हे कैदी पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर या ईस्ट इंडिया कंपनीच्या समुद्रपारच्या ठाण्यांतले होते. तिथल्या चिनी वस्तीतले बहुतेक लोक फुजियान आणि ग्वांगडोंग या दक्षिण चिनी प्रांतांतून पोटापाण्यासाठी निघालेले. डोंगर कापून पायऱ्या करायच्या, पाणी वळवायचं, चिमूटभर जागेत भाजी काढायची, ही त्या मुलखाची पिढ्यान्पिढ्यांची विद्या. तीच विद्या सह्याद्रीच्या माथ्यावर कामी आली. कैद्यांच्या हातून मळे उभे राहिले, विलायती भाज्या आणि बटाटा पिकू लागला, आणि महाबळेश्वरच्या बटाट्याचं नाव खाली मैदानापर्यंत पोचलं.

यातला एक व्यवहार मनाला चटका लावणारा आहे. कंपनी इकडचे कैदी तिकडे आणि तिकडचे कैदी इकडे पाठवत असे. काळं पाणी ओलांडलं की माणूस मनानं मोडतो, पळून जायचा विचार सोडतो, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळे हिंदुस्थानातून नेलेल्या कैद्यांनी सिंगापूरचे रस्ते बांधले, तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल उभारलं, आणि त्याच काळात चिनी कैदी साताऱ्याच्या डोंगरावर वाफे ओढत होते. दोन्हीकडच्या माणसांना घर परत दिसलं असेल की नाही, कोण सांगणार? सिंगापूरमध्ये आज त्या हिंदुस्थानी कैद्यांची आठवण इतिहासाच्या पुस्तकांत आणि स्मारकांच्या माहितीत आदराने येते. महाबळेश्वरने आपल्या बाजूची आठवण अजून तशी मांडलेली नाही.

१८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. सुटलेल्यांपैकी काहींनी मळे पुढे चालवले आणि धबधब्याजवळच्या त्या बागांवरूनच त्याला नाव मिळालं. निलगिरीत अशाच सुटलेल्या चिनी कैद्यांनी नडुवट्टमजवळ तमिळ बायकांशी संसार थाटले, गुरं आणि भाजीपाला यांवर गुजराण केली. मद्रास म्युझियमचे एडगर थर्स्टन यांनी त्या कुटुंबांची नोंद करून ठेवली, म्हणून ती माणसं निदान कागदावर तरी उरली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मामांच्या मळ्यातल्याच भाज्या होत्या. नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडलेली फरसबी, कच्चे लाल मुळे, लोण्यात परतलेला बटाटा. वाढणाऱ्या पोरानं मात्र आग्रह केला तो मंचुरियनचा. “सगळे पाहुणे तेच मागतात, सर.” त्याचंही बरोबर होतं. बाजारपेठेत मक्याच्या कणसांच्या आणि स्ट्रॉबेरी-क्रीमच्या दुकानांच्या जोडीला चायनीजच्या गाड्या लागतात, आणि सातारा-सांगलीच्या कुठल्याही एसटी स्टँडाबाहेर शेजवान राइस मिळतो. चिकन मंचुरियन मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग यांनी केलं. ते कोलकात्यात वाढलेले चिनी वंशाचे स्वयंपाकी. म्हणजे आपण ज्याला चायनीज म्हणून खातो ते इथंच जन्मलेलं आहे, आणि ज्या बटाट्याला आपण घरचा समजतो त्याला या डोंगरावर चिनी हात लागलेला आहे.

दुसऱ्या दिवशी धबधब्याकडे गेलो. पाणी अजून जोरात होतं. उन्हाळ्यात ते आटतं, म्हणून हंगामातले पर्यटक इकडे फारसे फिरकत नाहीत. लिंगमळा धबधब्याला मात्र गर्दी असते. कातळावरून पडणारं पाणी खाली दाट झाडीत शिरतं आणि कोयनेच्या वाटेला लागतं. मळ्याची जागा निवडणाऱ्याची नजर पक्की होती हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. उतार आहे, पण फार तीव्र नाही. पाणी हाताशी आहे. खोऱ्यात वाऱ्याला आडोसा आहे.

जुन्या जागेत पाहुण्यांना उतरवायची रीत चीनमध्येही आहे. तिथल्या पिंगयाओ आणि लिजियांग या दोन जुन्या गावांना १९९७ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला. तिथले चौक असलेले जुने वाडे आता पाहुण्यांसाठी खोल्या झालेत: मधे उघडा चौक, चारी बाजूंना सोपे, कोरीव लाकडाच्या खिडक्या. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहिलेल्या माणसाला त्या मांडणीचं नवल वाटणार नाही. आपल्याकडे चिनी संस्कृतीचं हॉटेल काढायचं म्हटलं की लाल कंदील, कागदी ड्रॅगन आणि भिंतीवर सोनेरी अक्षरं लावली जातात. सातारा जिल्ह्याला त्यातलं काहीही उसनं आणायची गरज नाही. या जिल्ह्याचा चीनशी आलेला संबंध मातीतला आहे. मळा, पायऱ्यांचा उतार, ताजी भाजी आणि त्यामागच्या माणसांची हकिगत, एवढ्यावर एखादं हॉटेल उभं राहिलं तर ते देशात एकमेव ठरेल.

ते व्हायला पैसे फारसे लागणार नाहीत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आज गावाच्या प्रत्येक वळणावर तिचं चित्र आहे. त्याच उत्साहानं नगरपालिकेनं चायनामन धबधब्यापाशी मराठीत एक फलक लावावा. त्यावर तुरुंगाची, कैद्यांची आणि मळ्यांची खरी माहिती द्यावी. जुन्या बंगल्यांच्या मालकांनी आपल्या दिवाणखान्यातल्या गव्हर्नरांच्या शेजारी या माळ्यांबद्दलचा एक कागद लावावा, आणि जेवणाच्या यादीत मळ्यातल्या भाजीला पहिली जागा द्यावी. साताऱ्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मुंबईच्या पुराभिलेखागारात तुरुंगाचे जुने कागद शोधावेत. एकाचं जरी नाव सापडलं तरी ते त्या फलकावर कोरता येईल. आणि पुढच्या खेपेला महाबळेश्वरला जाल तेव्हा सूर्यास्ताच्या गर्दीत शिरण्याआधी तासभर काढून या धबधब्याकडे जाऊन या, येताना मळ्यातल्या माणसाकडूनच बटाटे घ्या.