काय लिहू, सर?

मागच्या आठवड्यात चौथीच्या वर्गात व्यवसाय हा घटक घेताना मी मुलांना वहीत लिहायला सांगितलं, "घरी कोण काय काम करतं?" मी या शाळेत आलो तेव्हा बहुतेक वह्यांत 'शेती' एवढंच असायचं. यंदा कोणाचे पप्पा पुण्यात पार्सल पोचवतात, कोणाचे जेसीबीवर आहेत, कोणाची आई कंपनीत पॅकिंगला जाते. एकजण उठून म्हणाला, "सर, पप्पा पावसाळ्यात शेतात असतात, नंतर गवंड्याच्या हाताखाली. काय लिहू?"

मला आमचे आबा आठवले. ते साताऱ्याहून मुंबईला गेले आणि लालबागला गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आबा वर्षभर वाट पाहून गावी आले, दीड एकरावर राबले. गिरणीचा बिल्ला मात्र ट्रंकेत जपून ठेवला होता. विचारलं तर म्हणायचे, "बोलावलं तर लागंल."

पुस्तकात क्रम सोपा असतो: माणसं शेतीतून कारखान्यात, मग सेवाक्षेत्रात. आपल्याकडे तसं सरळ झालं नाही. १९५१ मध्ये शंभरातले सत्तर कामकरी शेतीवर होते. २०१८-१९ पर्यंत ते साडेबेचाळीसवर आले, पण टाळेबंदीत माणसं गावी परतली आणि आकडा पुन्हा वर चढला, २०२३-२४ मध्ये तो सेहेचाळीसच्या आसपास होता. कारखान्यांचा वाटा अकरा-बारा टक्क्यांवरच अडकलाय. शेती सोडलेला माणूस बहुतेक बांधकामावर नाहीतर दुकानात, गाडीवर गेला. आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे जवळपास निम्मे हात एवढ्याशा भाकरीत वाटेकरी!

शिकलं की सुटका, असं आम्हालाही वाटलं होतं. गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली आणि मग शिक्षकभरतीच कित्येक वर्षं रखडली. मला नोकरी लागली. माझ्या बाकावरचा मित्र, माझ्यापेक्षा जास्त मार्कांचा, आज मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. भेटला की अजून मला "गुरुजी" म्हणतो, मी उगाच खाली बघतो.

त्या मुलाला मी म्हटलं, "दोन्ही लिही." त्याने लिहिलं: शेती, गवंडीकाम. मग खोडरबर मागून घेतलं, 'गवंडीकाम' पुसलं आणि वही पुढे केली.

"पप्पांना शेतीच आवडते, सर."