चेअरमनची गाडी

मुलुंड पूर्वेला आमच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बिल्डिंगखाली पांढरी काँटेसा उभी असायची. २०१२ च्या मार्चमध्ये ती बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली. माणसं टेम्पोत कपाटं-गाद्या भरून भाड्याच्या घरांत चालली होती. गाडीचे मालक, एक निवृत्त काका, कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "भंगारवाला वजनावर मागतोय हो. द्यायला जीव होत नाही." मी निघालो होतो मेथी आणायला. पासष्ट हजारांत गाडी ठरवून घरी आलो. मेथी राहिलीच.

काँटेसा म्हणजे काय, हे आता तिशीच्या आतल्यांना सांगावं लागतं. हिंदुस्तान मोटर्सनं ती १९८४ साली काढली. मूळ घडण इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची. तिकडं बंद पडलेलं मॉडेल इकडं उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात पुन्हा जन्माला आलं. आधी एवढ्या थोरल्या देहात इंजिन अँबेसेडरचंच होतं. पुढं जपानच्या इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं, पाच गिअर आले, आणि मग खरा जोर आला. माझी त्यातलीच, १९९४ ची. २००२ मध्ये काँटेसा बंदच झाली. तोवर मंत्री, शेठ, सिनेमावाले तिच्यातनं फिरले आणि आमच्या कोरेगाव तालुक्यात कारखान्याचे चेअरमन. गावात तिला काँटेसा कुणी म्हणतच नसे. चेअरमनची गाडी, बस्स.

मी सातवीत होतो. उसाला तुरे आले तरी आमची तोड येत नव्हती. तुरा आला की ऊस पोकळ पडतो, वजन घटतं. उभ्या रानात पैसा वाळत असतो. आबा अर्ज घेऊन दोन दिवस कारखान्याच्या गेटवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी संगट होतो. गाडी आली. आबांनी टोपी सारखी केली, अर्ज वर धरला. काळ्या काचा होत्या. गाडी आत निघून गेली आणि धुरळा खाली बसेस्तोवर आबांचा हात तसाच वर होता. वाटेत एवढंच म्हणाले, "बघितलं न्हाई त्यांनी."

तर ती गाडी आता माझ्या नावावर होती. असल्फ्याच्या एका मिस्त्रीनं कार्बोरेटर साफ केला, रेडिएटर झाळून दिला. मागच्या दिव्याची काच कुर्ल्याच्या भंगार बाजारात सापडली, तीही तिसऱ्या रविवारी. पेट्रोल सत्तरच्या वर आणि गाडी लिटरला सात किलोमीटर. बायको म्हणाली, "हिला हत्तीसारखं दारात बांधा आणि लोकांकडून दक्षिणा घ्या."

मे महिन्यात गावी नेली. खंबाटकीत साताऱ्याकडं जाणाऱ्याला तेव्हा बोगदा नव्हता, घाट चढावाच लागायचा. निम्म्या घाटात रेडिएटर उकळला. एका ट्रकवाल्यानं कॅन भरून पाणी दिलं, वर गाडीचं कौतुकही केलं. इंजिन निवेपर्यंत तासभर बसलो आणि दिवेलागणीला गावात पोचलो.

सकाळी आबांनी गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर बोटानं टकटक केलं. "पत्रा दांडगा हाय." मग आत जाऊन धुतलेली टोपी घालून आले आणि चपला बाहेर काढून पुढच्या सीटवर बसले. मी चपला उचलून आत ठेवल्या. "कारखान्याकडं घे," म्हणाले.

एसी चालू होता, काचा वर. हंगाम संपलेला, गेट सुनं. तरी वॉचमननं उठून सलाम ठोकलाच. आबा ताठ बसले. सलाम घ्यावा की न घ्यावा, त्यांना कळेना. तेवढ्यात सायकलवरचा एक म्हातारा शेजारी आला. हात हलवत काहीतरी बोलत होता. तोंड दिसत होतं, शब्द नाही.

"काय म्हणतोय त्यो?"

मी काच खाली केली. "मागल्या चाकात हवा कमी हाय," म्हातारा सांगत होता.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आतनं काय ऐकूच येत न्हाय की रं." येताना त्यांनी काच वर करू दिली नाही. घरी पोचलो तेव्हा त्यांच्या मिशा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या.

पावसाळ्यात मुलुंडला दोन गोष्टी झाल्या. सोसायटीनं पार्किंगच्या लिफ्टा बसवल्या, त्यावर गाडी मावेना. आणि पायाखालचा पत्रा कुजलेला होता, तो पाणी आत घेऊ लागला. मिस्त्रीनं खर्चाचा आकडा सांगितला. जुलैत शूटिंगला जुन्या गाड्या भाड्यानं देणारा गोरेगावचा एकजण अठ्ठावन्न हजारांत घेऊन गेला. जाताना सफाईनं वळण घेतलं त्यानं; मला ते चार महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं.

रात्री गावी फोन केला. कितीला गेली, का विकली, आबांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "नावावरनं उतरली का? नुसत्या तोंडी बोलण्यावर ऱ्हाऊ नगं."

"उतरतेय आबा. आरटीओचे कागद दिलेत."

"पावती जपून ठीव," म्हणाले, आणि फोन आईकडं दिला.