मामाची कॉन्टेसा आणि सीसीचं गणित

मुलांनो, मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या ओट्यावर एक भांडण हमखास रंगते. "आमची गाडी दीडशे सीसीची!" एक म्हणतो. "आमच्या काकाची साडेतीनशेची!" दुसरा छाती काढून सांगतो. एकदा मी जवळ जाऊन विचारले, "अरे, पण सीसी म्हणजे काय?" सगळे गप्प. मग एक चिमुरडी म्हणाली, "सर, सीसी म्हणजे गाडी किती पळते ते."

तसं नाही बरं का! सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. इंजिनात वृत्तचितीच्या आकाराची एक पोकळी असते, तिला सिलिंडर म्हणतात. तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. पिस्टन अगदी वरून अगदी खाली आला की जेवढी जागा मोकळी होते, तेवढ्या सीसीचं ते सिलिंडर. एका घोटात ते साधारण तेवढी हवा आत ओढू शकतं. आपल्या गावोगावी दिसणारी स्प्लेंडर घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. वृत्तचितीचं घनफळ काढायचं सूत्र लावलं की उत्तर येतं ९७.२ सीसी. खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची बाटली असते ना, जवळपास तेवढी जागा! एवढ्याशा बाटलीवर दोन माणसं आणि गव्हाची पिशवी बाजारातून घरी येते.

(जाता जाता पालकांसाठी एक गोष्ट. १६ ते १८ वयाच्या मुलांना कायदा लायसन्स देतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. स्प्लेंडर त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून पालकांनाही दंड होतो, २५,००० रुपये. तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तरी शाळेच्या फाटकावर रोज काय दिसतं ते तुम्हीही पाहता.)

हे सूत्र मला नीट कळलं ते पुस्तकातून नाही, माझ्या मामाच्या कॉन्टेसातून.

तुमच्यापैकी पुष्कळांनी कॉन्टेसा पाहिली नसेल. घरच्या मोठ्यांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. हिंदुस्तान मोटर्स या कंपनीने बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या कारखान्यात १९८४ पासून ती बनवायला सुरुवात केली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीचा. लांबलचक नाक, रुंद बसकण, मागे प्रशस्त डिक्की. पण सुरुवातीला तिच्यात इंजिन घातलं ते ॲम्बॅसिडरचंच. १४८९ सीसी, ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे अंग पैलवानाचं आणि छाती शाळकरी पोराची! पुढे कंपनीने जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं, ८८ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पाच गिअर दिले, तेव्हा कुठे गाडीला तिच्या रूपाला शोभेल अशी ताकद आली. २००२ साली तिचं उत्पादन थांबलं.

मोठं इंजिन घालायचं हे वेड काही आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने मोठ्या गाडीचं इंजिन मध्यम आकाराच्या गाडीत बसवलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. इंजिन होतं ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटर. अशा गाड्यांना तिकडे मसल कार म्हणू लागले, आपण पैलवान गाडी म्हणू. आपल्याकडचे शौकीन कॉन्टेसालाच भारताची मसल कार म्हणतात. ते दिसण्यावरून हं, ताकदीवरून नव्हे.

तर माझ्या मामाने २००४ साली जुनी कॉन्टेसा घेतली, पहिल्या इंजिनाची. मामाचं गाव मालेगाव तालुक्यात. आधीच्या मालकाने गाडी वर्षानुवर्षं नुसती उभी ठेवली होती. दिवाळीच्या आधी आजीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून आम्ही सातजण अकोल्याला निघालो. मेडशी सोडून पातूरच्या घाटाला लागलो आणि गाडीच्या नाकातून वाफा! रेडिएटर गाळाने भरलेला. आम्ही पोरं उतरून चालत निघालो, आजी खिडकीतून म्हणाली, "बैलगाडी बरी होती बाप्पा!"

अकोल्याच्या मिस्त्रीने इंजिन उघडून पाहिलं. सिलिंडर झिजले होते. दोन वाटा होत्या. एक, आहे तेच इंजिन बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून थोडे कोरून मोठे करायचे आणि त्यात मोठे पिस्टन घालायचे. दुसरी, इसुझूचं १८१७ सीसीचं जुनं इंजिन आणून बसवायचं. मामाचं मन दुसऱ्या वाटेवर केव्हाच निघालं होतं.

"भाचेबुवा, तू गणितात हुशार हाय ना? मांड बरं हिसाब!" मामा म्हणाला.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. जुन्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८९. एका सिलिंडरचे झाले ३७२ सीसी, आणि असे चार. तो १ मिलिमीटरने कोरला तर चार मिळून वाढतात फक्त ४१ सीसी. म्हणजे एका सिलिंडरला १० सीसी, औषधाचे दोन चमचे! इसुझूचा व्यास ८४ आणि धाव ८२. गंमत पाहा, धाव उलट कमी झाली, पण एका सिलिंडरचे झाले ४५४ सीसी. वाढ झाली ८२ सीसीची, म्हणजे टपरीवरचा एक कट चहा. असं का? कारण सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे आणि उंची नुसतीच आहे. व्यास थोडा वाढला तरी घनफळ भराभर वाढतं.

मामा खूश! पण मिस्त्रीने त्याला थांबवलं. नुसतं इंजिन आणून भागत नाही. ते ठेवायचे पाये वेगळे. गिअरबॉक्स त्याचाच लागतो. जास्त इंधन जळणार म्हणजे जास्त उष्णता, तर रेडिएटर चांगला हवा. घाट जोरात चढणारी गाडी उतरतेही जोरात, म्हणून ब्रेक आधी पाहायचे. आणि आरटीओची मंजुरी घेऊन नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकात चढवायचा, नाहीतर गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी. हे सगळं ऐकून आकडा असा फुगला की सोयाबीनचे सगळे पैसे त्यात गेले असते.

आणि ते पैसे मामीने आधीच मनात खर्च केले होते. विहिरीवरचं डिझेल इंजिन वीस वर्षं चालून थकलं होतं. त्या वर्षांत भारनियमन असं की शेतातली वीज कधी येईल त्याचा भरवसा नाही. हरभऱ्याचं एक वेळ निभलं असतं, पण गव्हाला पाणी पाहिजेच.

"गहू काय डिक्कीत पेरता?" मामीने विचारलं. एवढंच. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

मला तेव्हा वाटायचं, पाच हॉर्सपॉवरचं ते इंजिन म्हणजे किरकोळ चीज. पण आकडे पाहा. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं एव्ही-१ नावाचं इंजिन असतं. एकच सिलिंडर, व्यास ८० मिलिमीटर, धाव ११०. करा हिशेब: ५५३ सीसी! स्प्लेंडरच्या साडेपाचपटीहून जास्त. मग ताकद फक्त ५ आणि स्प्लेंडरची सात-आठ हॉर्सपॉवर, असं कसं? कारण फेऱ्या. विहिरीवरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं, स्प्लेंडर पूर्ण जोरात असली की ८०००. दोन फेऱ्यांत एकदा श्वास. म्हणजे विहिरीवरचं इंजिन मिनिटाला ७५० श्वास घेतं, सुमारे ४१५ लिटर हवा. स्प्लेंडरचे ४००० श्वास, सुमारे ३८९ लिटर. दोघांचा श्वास जवळजवळ सारखाच निघाला! एक दमदार, सावकाश ओढणारा, रात्रभर पाणी उपसणारा. दुसरा धापा टाकत पळणारा. स्प्लेंडरला रात्रभर ८००० फेऱ्यांवर ठेवून पाहा म्हणजे कळेल. (पाहू नका, बाबा रागावतील.)

तिसऱ्या दिवशी मामा सकाळी मालेगावला गेला आणि संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हिरव्या रंगाचं नवं कोरं इंजिन घेऊन आला. कोणाशी काही बोलला नाही. मामीने त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. पहिलं पाणी गव्हाला गेलं तेव्हा आम्ही सगळी पोरं पाटात उभे होतो.

कॉन्टेसाचंही अगदीच वाईट झालं नाही. जुनं इंजिन बोअर केलं, रेडिएटर साफ केला, ब्रेकचे लायनर बदलले. सातऐवजी पाचजण बसले की घाट ती दुसऱ्या गिअरात चढायची, हळू, पण न थांबता. आजीच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं त्याच गाडीने झाली. २००९ साली पुण्याकडचा एक शौकीन माणूस ती मागायला आला. त्याने पुढे तिच्यात इसुझूचं इंजिन बसवलं आणि मामाला मुद्दाम फोन करून सांगितलं. मामाने सगळं विचारून घेतलं, कोणता गिअरबॉक्स, किती खर्च, घाटात कशी जाते. मग फोन ठेवून विहिरीवर निघून गेला.

तुमच्या घरच्या गाडीसोबत कंपनीचं माहितीपुस्तक मिळालेलं असतं. कपाटात शोधा. त्यात बोअर म्हणजे व्यास आणि स्ट्रोक म्हणजे धाव मिलिमीटरमध्ये दिलेली असते. दोन्हींना १० ने भागून सेंटिमीटर करा, व्यास निम्मा करून त्रिज्या घ्या, त्रिज्येचा वर्ग गुणिले धाव गुणिले ३.१४, आणि शेवटी सिलिंडरच्या संख्येने गुणा. उत्तर पुस्तकातल्या सीसीपेक्षा एखाद-दुसऱ्याने इकडे-तिकडे आलं तर घाबरू नका, ते दशांश चिन्हापुढच्या आकड्यांमुळे होतं. मग तेवढं पाणी मापाने मोजून एका भांड्यात ओता आणि घरच्यांना दाखवा, आपली गाडी एवढ्यावर चालते म्हणून.