वारीला ट्रॉली नेताना

दिंडीचे तंबू, भांडी आणि धान्य नेण्यासाठी यंदा पहिल्यांदाच ट्रॉली जोडणार असाल, तर निघण्यापूर्वी दिवे घाट डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून सासवडला जाताना हडपसर, वडकी मागे पडले की वाट चढू लागते. खाली मस्तानी तलाव दिसतो. माउलींच्या रथालाही येथे जादा बैलजोड्या जोडतात. मग आपल्या ट्रॅक्टरची काय कथा!

ट्रॅक्टरला झेपेल अशीच ट्रॉली निवडा. ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड असते. दोन चाकी ट्रॉलीत जड सामान आसाच्या किंचित पुढे ठेवा. सारे मागे गेले तर ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन घसरतात. फार पुढे आले तर चढावर तोंड उचलते. हुकाची पिन झिजलेली नको, आणि जोडीला साखळी हवीच.

शेतात सुटे ठेवलेले दोन्ही ब्रेक रस्त्यावर खिट्टी लावून एक करा. नाहीतर एकच चाक धरेल आणि ट्रॅक्टर वळेल. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. ज्या गिअरात चढाल, त्याच गिअरात उतरा. मागे लाल दिवा लावा. चाकाखाली द्यायला दोन लाकडी ठोकळे बरोबर असू द्या.

पालखीच्या दिवशी घाटातील वाहतूक वळवतात; वाट आधी विचारून घ्या. आणि आजी थकली म्हणून तिला सामानावर बसवू नका. तिच्यासाठी एस.टी. आहे. ट्रॉली सामानाची. माणसे सुखरूप पंढरीला पोहोचली, तरच वारी पावली.