माडाहून उंच नको

बाली बेटावर गेलात तर सनूरचा किनारा पहाटेच पाहावा. उन्हे चढली की तो इतर कोणत्याही किनाऱ्यासारखा होतो. पहाटे मात्र दोन्ही अंगांना उलांड्या बांधलेल्या होड्या वाळूत कोळ्यांसारख्या (म्हणजे भिंतीवरच्या कोळ्यांसारख्या!) पाय पसरून बसलेल्या असतात आणि समोर समुद्रातून सूर्य वर येत असतो. मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि सूर्याकडे पाठ केली. जे पाहायला आलो होतो ते किनाऱ्यावरच होते.

डावीकडे माड, उजवीकडे माड. त्यांच्या आड हॉटेलांची रांगच्या रांग आहे, पण पाण्यातून एकाचेही छप्पर धड दिसत नाही. आणि या हिरव्या रेघेतून एकच इमारत, पंगतीत कुणी मध्येच उठून उभे राहावे तशी, दहा मजले वर आलेली.

हेच ते बाली बीच हॉटेल. राष्ट्राध्यक्ष सुकार्णोंच्या हौसेचे. जपानने युद्धाच्या नुकसानभरपाईपोटी दिलेल्या पैशांतून ते उभे राहिले आणि १९६६ साली उघडले. शेजारीच ल मेयर या बेल्जियन चित्रकाराचे बैठे घर आहे. आता तिथे संग्रहालय आहे. दोन्ही इमारती एका नजरेत मावतात, हे त्या घराचे दुर्दैव.

बालीच्या माणसाला मजल्यांचे नवल नाही. त्याच्या देवळांतून 'मेरू' असतात. एकावर एक छपरे, संख्या नेहमी विषम, आणि मोठ्या देवाचे असेल तर अकरा. पण ती उंची देवाची. डोंगराकडची दिशा पवित्र, समुद्राकडची तिच्या उलट, अशी इथली समजूत. घरात देव्हारा कुठे आणि गोठा कुठे, हेही तिच्यावरून ठरते. अशा गावात परक्या पाहुण्याने दहाव्या मजल्यावर, देवाहून एकच मजला खाली, न्हाणीघरात उभे राहावे, हे कुणाला रुचणार?

हॉटेलाचा धसका घेतला गेला म्हणतात, आणि १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच नियम झाला: माडाहून उंच बांधायचे नाही. आता माड म्हणजे कोणता माड? आमच्या कोकणातल्या पाडेल्याला विचाराल तर तो शंभर फुटी माडही दाखवील. सरकारी कागदाला आकडा लागतो. तो ठरला १५ मीटर. म्हणजे फार तर चार मजले. बेटाच्या नियोजनाचा २००९ साली जो प्रांतिक कायदा झाला त्यातही तोच आकडा राहिला. देवळांना अर्थात सूट आहे. त्या सुटीच्याच जातीची एक गंमत म्हणजे उंगासान गावी २०१८ साली पुरा झालेला गरुडारूढ विष्णू: चौथऱ्यासकट १२१ मीटर! विष्णूला माडाची उंची कोण सांगणार?

१९९३ च्या जानेवारीत बाली बीच जळाले. त्यातली ३२७ क्रमांकाची खोली तेवढी वाचली आणि ती समुद्राच्या राणीसाठी राखून ठेवली, असे सांगतात. खरेखोटे तो समुद्र जाणे. हॉटेल पुन्हा बांधले, तेही दहाच मजल्यांचे. बेटाने त्याला जणू डोळ्यांसमोर राहू दिले आहे.

आपल्याकडे १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको म्हटले, आणि पुढे ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात हॉटेलाला ९ मीटर, दोन मजले, एवढीच मुभा ठेवली. आकडा बालीहून कडक आहे. पण '९ मीटर' कुणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही, माड राहतो. चवथ्या मजल्याची वीट चढू लागली की बालीतले शेंबडे पोरही मान वर करून हिशेब सांगेल.

हे सारे मी कौतुकाने आमच्या गाडीवानाला ऐकवले. त्याने ऐकून घेतले. दुपारी, मी न विचारता, त्याने गाडी बेटाच्या दुसऱ्या अंगाला, चांगूकडे, वळवली.

वीसएक वर्षांमागे इथे भातखाचरे होती. बालीचे भात म्हणजे पाटाच्या पाण्याचे. ते पाणी वाटून घेणारी शेतकऱ्यांची 'सुबाक' नावाची मंडळी शेकडो वर्षे चालत आली आहे, आणि तिच्यामुळे घडलेल्या प्रदेशाला २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. चांगूत आता बंगले आहेत. एकमजली, दुमजली, गवती छपरांचे, प्रत्येकाला पोहण्याचा हौद. एकही माडाहून उंच नाही. नियम तंतोतंत पाळलेला. वर जाता येत नाही म्हणून सगळे आडवे गेले, बांधामागून बांध ओलांडत. वरच्या खाचरावर हौद झाला की खालच्या खाचराचा पाट सुकतो, आणि मग त्यालाही भाड्याने द्यावेच लागते.

"दहा मजले असते तर जागा कमी लागली असती का हो?" मी विचारले.

तो हसला. "मग दहा मजले झाले असते आणि हेही झाले असते."

एका फाटकाशी त्याने गाडी थांबवली. आत त्याच्या वडिलांची चार खाचरे होती. पंचवीस वर्षांच्या कराराने दिलेली. हौदाच्या काठावर एक जुना माड उभा होता. पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून त्याचे नारळ कोवळेपणीच उतरवतात, आणि ते काम म्हाताऱ्याकडेच आहे. महिन्यातून एकदा, मजुरीवर.

म्हातारा त्याच दिवशी वर होता. मुलाने खालून हाक मारून पाहुणा आल्याचे सांगितले. त्याने झावळ्यांतून हात हलवला आणि दोन शहाळी दोरीने खाली सोडली. मालकाला कळू नये म्हणून ती आम्ही गाडीत बसून प्यालो.